नंबर नसलेलं घर

“ताई, बाळाच्या दुधाला या विहिरीचं पाणी नको. उकळलंत तरी नको,” बाटलीकाका म्हणाले होते, आणि मी हसले होते. मोठ्यांदा नाही, पण हसले होते हे नक्की, कारण त्यांनी हातातली नमुन्याची बाटली खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं होतं आणि मग ती पुन्हा उचलून तिच्यावर तारीख लिहायला घेतली होती. मला तेव्हा आठवा महिना होता. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेली बाई, पाण्याच्या एका थेंबात काय काय वळवळतं ते तीन वर्षं डोळे फुटेस्तोवर पाहिलेली, आणि पाणी योजनेच्या प्रयोगशाळेसाठी सायकलवरून बाटल्या गोळा करत हिंडणारे हे गृहस्थ मला उकळण्याबद्दल सांगणार! “काका, उकळलं की सगळं मरतं हो,” मी म्हणाले. “मरायला ते जिवंत कुठंय?” ते म्हणाले. “वरच्या अंगाला शेतं आहेत, गोठे आहेत. खत मुरलंय पाण्यात, मीठ विरघळतं तसं. मिठाचं पाणी उकळून मीठ उडून जातं का? उलट आटेल तसं जास्त खारट होतं.” त्यांनी तपासणीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला, वर स्टेपलर ठेवला, आणि शाळेजवळची कूपनलिका चांगली आहे, तिथून बाळापुरता एक कॅन आणत जा, मोठ्यांना हे पाणी पचतं, तान्ह्याला पचत नाही, असं सगळं सावकाश, दोनदा सांगितलं. मी म्हणाले, “हो, बघू.” आमच्या घराण्यात ‘हो, बघू’ ही नाही म्हणायची सभ्य पद्धत आहे. शाळा दीड किलोमीटरवर होती.

हे सगळं मी चार वर्षं नीट घडी घालून तळाशी ठेवलं होतं. परवा मंगळवारी दुपारी बालवाडीच्या फाटकात ते एकदम वर आलं, कारण ठकी रांगेतून बाहेर आली आणि तिचे ओठ निळे होते. ठकी म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव फक्त दाखल्यावर आहे. निळे म्हणजे अगदी दिसण्यासारखे निळे, आणि वरच्या ओठाच्या कडेला ती राखाडी झाक, जी मी या जन्मात पुन्हा पाहणार नाही असं ठरवलं होतं. मी तिला उचललं, भिंतीच्या सावलीतून बाहेर उन्हात आणलं, खालचा ओठ अंगठ्यानं ओढून आतून पाहिला, नखं दाबून पाहिली. नखं गुलाबी. जीभ निळी. आजूबाजूच्या आया आपापल्या पोरांचे डबे, टोप्या, भांडणं सांभाळता सांभाळता माझ्याकडे बघत होत्या. बाई धावत आल्या. “अहो ठकीची आई, रंग आहे तो, रंग! ब्रश चोखलाय तिनं. आज समुद्र काढायचा होता ना.” ठकी माझ्या कडेवरून अभिमानानं म्हणाली, “मी समुद्र प्यायले.” सगळ्या हसल्या. मीही हसले. रुमालाचं टोक ओलं करून पुसलं तर खालून तिचा तो नेहमीचा, जरा फाटलेला, गुलाबी ओठ निघाला. मी तो पुन्हा पुन्हा पुसत राहिले, रंग निघाला तरी, शेवटी तीच “आई, दुखतंय ना!” म्हणून हात झटकून खाली उतरली.

घरी जायला दहा मिनिटं लागतात. औषधांचं दुकान, चपला शिवणाऱ्याची टपरी, मग तो लांबच लांब फुटपाथ, ज्यावर ठकी फक्त करड्या फरशांवर पाय ठेवते आणि मला लाल फरशांवरून चालायला लावते. मी लाल फरशांवरून चालत होते आणि दुसऱ्याच रस्त्यानं चालले होते. मातीच्या रस्त्यानं, पोट सांभाळत, एका हातात फॉर्मांची फाइल आणि दुसऱ्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा. माझा नवरा त्या पाणी योजनेवर सर्वेक्षक होता: नदीतून पाणी उचलायचं, टेकडीवर शुद्ध करायचं, उंच टाकीत चढवायचं आणि तिथून नळानं एकेचाळीस वस्त्यांना द्यायचं. जिथे आजवर ज्याची त्याची विहीर आणि ज्याचं त्याचं नशीब होतं, तिथे सगळ्यांचं मिळून एक पाणी. वरच्या कार्यालयानं अट घातली होती की पुरेशा घरांनी लेखी होकार दिला तरच नळाचा फाटा त्या वस्तीकडे वळेल. घरोघर जाऊन होकार घ्यायचं काम सहा महिन्यांच्या बोलीवर मला मिळालं, कारण मी शिकलेली होते, रिकामी होते, आणि बाई असल्यामुळे थेट चुलीपर्यंत जाऊ शकत होते. होकार मिळाला की मी फॉर्मवर नंबर टाकायचे आणि तोच नंबर दाराच्या चौकटीवर लाल रंगानं काढायचे. एक, दोन, तीन. नळ टाकायला माणसं येतील तेव्हा त्यांनी चौकटीवरचा लाल आकडा बघायचा, आणि आकडा असेल तिथेच खणायचं. इतकं सोपं ठेवलं होतं.

होकार मात्र सोपा नव्हता. “आमची विहीर म्हणजे साखर आहे साखर,” हे मी किती वेळा ऐकलं असेल. एक म्हातारी मला तांब्या भरून द्यायची आणि मी पिऊन संपवेपर्यंत समोरून हलायची नाही. “काय, आहे का तुझ्या नळाला ही चव?” मी म्हणायचे, “आजी, चव नाही कळत खताची.” म्हणजे बघा, मला माहीत होतं. काकांचे कागद वाचूनच मी लोकांना पटवत होते. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून मी चांगली अर्धा अर्धा तास बोलायचे: तुमची सून बाळंत होणार आहे, हे पाणी बाळाला चालणार नाही, नळ घ्या, सही करा. म्हातारी शेवटी म्हणाली, “सही करते, पण तुझ्या पोटाकडे बघून करते हो, तुझ्या नळाकडे बघून नाही.” ती एकशे सत्त्याऐंशी नंबर. आणि संध्याकाळी परत येऊन मी आमच्या मागच्या विहिरीचं पाणी पातेल्यात चढवायचे आणि मनात म्हणायचे, आपण उकळतो की. आपण म्हणजे त्या म्हाताऱ्या नव्हेत. शिक्षणाचा हा उपयोग मला कुणी शिकवला नव्हता, माझा मीच शोधून काढला होता.

तीनशे बाराव्या घरावर माझे सहा महिने संपले. आमच्या स्वतःच्या घरावर मी नंबर काढला नाही. खोटं कशाला सांगू, मनातच आलं नाही. घर भाड्याचं, पुढच्या दोन खोल्यांत योजनेचं कार्यालय, नवऱ्याच्या नकाशावर त्या चौकोनात ‘कार्यालय’ असंच लिहिलेलं. कार्यालयाला नळाचा होकार कोण देणार, आणि आम्ही तर वर्षाभरात जाणार. डब्याच्या तळाशी थोडा रंग उरला होता, त्यातून मी गंमत म्हणून बागेच्या फाटकाची कडी रंगवली.

ठकी झाली. मला दूध कमी आलं. सासूबाई महिनाभर येऊन राहिल्या, त्यांनी सगळे उपाय केले, माझ्या आईला फोन करून तिच्याकडचेही उपाय मागवले, आणि मग एका सकाळी म्हणाल्या, “अगं, डब्याच्या दुधावर वाढलेली पोरं काय लंगडी होतात? तुझा नवरा वाढलाच की. बुद्धीचं काही सांगता येत नाही, पण उंची भरपूर आहे.” मी हसता हसता रडले आणि डब्याचं दूध सुरू झालं. सासूबाई परत गेल्या. आणि मी, कमी दूध असलेली आई, ठरवलं की बाकी कशात कमी पडायचं नाही. पाणी पाच मिनिटं उकळलं तरी पुरतं; मी वीस मिनिटं उकळायचे. मग त्यानंही भागेना. पातेलं अर्धं होईपर्यंत उकळायचे. घड्याळ लावून, झाकण काढून, शेजारी उभी राहून. वाफ खिडकीच्या काचेवर बसायची आणि मला वाटायचं, बाळाच्या वाटेचं सगळं वाईट ते बाहेर चाललंय. बाहेर चाललं होतं ते फक्त पाणी. वाईट होतं ते सगळं पातेल्यातच राहत होतं, आणि मी माझ्या हातानं, माझ्या काळजीनं, त्याला दुप्पट दाट करत होते.

सातव्या आठवड्यात ती मलूल झाली. रडणं बारीक. ओठांभोवती काहीतरी. त्या खोलीला निळा पडदा होता, आधीच्या भाडेकरूंचा, आणि दिवसभर खोलीत एक निळसर उजेड असायचा; तो मला आवडायचा, झोपेत पोहल्यासारखं वाटायचं. पहिला दिवस मी पडद्याला दोष दिला. दुसऱ्या दिवशी तिला दारात आणून बघायचं सुचायला हवं होतं, पण वारा होता, आणि वाऱ्यात बाळाला काढू नये असं मला कुणी न सांगताच वाटत होतं. पडद्याच्या आत मी तिच्याकडे बघत बसले. बघण्यात मी कधीच कसूर केली नाही. बघत होते, बघत होते, फक्त उजेड चुकीचा होता. नवरा दुपारी जेवायला आला, दार सताड उघडं टाकून आत आला, नेहमीसारखा, आणि दारातून आलेला उन्हाचा पट्टा पाळण्यावर पडला. “हिचा रंग असा काय गं?” तो म्हणाला. बस्स, एवढंच म्हणाला. मी तो पडदा अजून कुठे दिसला तर ओळखेन.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून लहान असतील. त्यांनी ठकीच्या टाचेला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला. थेंब तपकिरी होता. कोकोसारखा. त्यांनी तो कागद हवेत हलवला, जरा थांबल्या, पुन्हा हलवला. चांगलं रक्त असं हवा लागली की लाल होतं. ते झालं नाही. पाण्यातलं खत तान्ह्याच्या रक्तात प्राणवायू टिकू देत नाही. “पाणी कुठलं?” त्यांनी विचारलं. “उकळलेलं,” मी म्हणाले. “कुठलं विचारलं मी.” “विहिरीचं,” नवरा म्हणाला. त्यांनी एक बारीकशी बाटली काढली आणि तिच्यातलं औषध गडद, शाईसारखं निळं होतं. मी ओरडलेच. “निळं कशाला? ती आधीच निळी आहे!” त्या बाईंनी माझ्या दंडाला धरून मला स्टुलावर बसवलं आणि शिरेत सुई घालता घालता म्हणाल्या, “तुम्ही खिडकीबाहेर बघा. इकडे मी बघते.” मी बाहेर बघितलं नाही. त्या निळ्या औषधानं माझी मुलगी गुलाबी होताना मी पाहिली. आधी कानाची पाळी. मग नाक. तासाभरात तर ती अशी काही लाल होऊन रडली की शेजारच्या खाटेवरच्या बाई कानावर हात ठेवून म्हणाल्या, “लेकीचा गळा चांगलाय हो!” दुसऱ्या दिवशी तिच्या दुपट्यावर हिरवट निळा डाग पडला, औषध बाहेर पडत होतं. ते दुपटं मी धुतलं नाही. कपाटात आहे, वरच्या खणात.

बाटलीकाका दवाखान्यात आले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन बांधून आले, शाळेजवळच्या कूपनलिकेचं पाणी. मला त्यांच्या चपलांचा आवाज कळला, एक चप्पल त्यांची जरा घासायची. मी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, झोपेचं सोंग घेतलं. ते आत आले, कॅन खाटेखाली सरकवले, बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं. म्हणायलाच हवं होतं त्यांनी, मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते. ते हळूच पुटपुटले, “मी पुन्हा सांगायला यायला हवं होतं.” आणि गेले. मी डोळे उघडले नाहीत. आठवड्यानं आम्ही ती जागा सोडली. शहरात नवऱ्याला दुसरं काम मिळालं, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आणि स्वयंपाकघरात एक साधा पितळी नळ, ज्याचं पाणी कुठून येतं ते मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. पाणी योजना, विहीर, काका हे शब्द आमच्या घरात बंद झाले. कुणी बंद केले नाहीत, पण नवरा एकदा ‘टाकी’ म्हणाला आणि मी हातातली वाटी इतक्या जोरात खाली ठेवली की त्याला समजलं.

तर परवा. घरी आले, ठकीला खुर्चीवर उभं करून नळाखाली तिचं तोंड धुतलं. जीभ बाहेर काढ म्हटलं, तिनं काढली, रंग धारेबरोबर फिका होत होत मोरीच्या जाळीत गेला. मी नळ बंद करायला हात पुढे केला आणि तिथेच थांबले. तीनशे बारा घरं, मी मनात म्हणाले. तीनशे बारा लाल आकडे. आकडा दिसेल तिथेच खणायचं. योजना पूर्ण होऊन वर्ष झालं होतं, तेवढं मला कानावर आलं होतं, तीनशे बारा घरांत असं पाणी आलं असेल, असंच, नळ फिरवला की. आणि त्या एका घरात? आमच्या? कार्यालय तर योजना संपल्यावर हललं असणार. मग रिकामं घर कोण ठेवतं? कुणीतरी राहत असणार. मागे विहीर. वरच्या अंगाला शेतं. आणि चौकटीवर आकडा नाही, कारण तो मी काढला नाही.

नवऱ्याला कामावर फोन केला. “आपलं ते घर,” मी म्हणाले. कुठलं हे त्यानं विचारलं नाही. पलीकडे लोखंड कापल्याचा आवाज येत होता, तो लांब गेला, म्हणजे हा चालत बाजूला आला असावा. “नकाशावर कार्यालय होतं ते,” तो म्हणाला. “घर म्हणून धरलंच नव्हतं.” “मग नळ?” “यादीत नसेल तर नाही.” “मग तू तेव्हा...” “अगं, मीच नाही, कुणीच नाही. यादी तू केलीस, नकाशा मी केला, आपण दोघंच होतो ना.” हे त्यानं अजिबात टोचून म्हटलं नाही, म्हणूनच ते टोचलं. मग म्हणाला, “हे आज कुठून निघालं?” मी म्हणाले, “ठकी समुद्र प्यायली.” तो म्हणाला, “बरं,” आणि मग, “फोन कर ना तिथे. नंबर तोच असेल. पुढच्या खोलीतला.”

नंबर मला पाठ होता. कसा नसेल, सहा महिने तोच फॉर्मांवर छापलेला होता, शंका असल्यास विचारा म्हणून. ठकी जमिनीवर पालथी पडून कागदावर दुसरा समुद्र काढत होती, या वेळी खडूनं. मी आकडे फिरवले. आपल्याच जुन्या घरात फोन वाजवणं ही विचित्र गोष्ट आहे. तो कुठे वाजतोय ते दिसत होतं: कोपऱ्यातली तिवई, वर आलेला ओलाव्याचा डाग, बाजूला तो पडद्याचा काठ. सात वेळा वाजला. मी जवळजवळ सुटले होते. मग एका मुलीनं उचलला, म्हणजे बाईच, पण आवाज अगदी कोवळा. आणि तिच्या आवाजामागे, अगदी जवळ, खांद्यावर असावं इतकं जवळ, एक तान्हं बाळ कुरकुरत होतं.

“कोण पाहिजे?”

“कुणी नाही. म्हणजे तुम्हीच. मी आधी या घरात राहायचे.”

“बरं. काही राहिलंय का तुमचं इथे?”

“हो. नाही. बाळ किती दिवसांचं आहे?”

पलीकडून सावध आवाज: “तुम्ही पाण्याचं मशीन विकता का? आम्हाला नको. आधीच दोघेजण येऊन गेले.”

“नाही हो, मी काही विकत नाही. एकच सांगा, त्याला दूध वरचं देता का?”

“तिला. मुलगी आहे. देते थोडं वरचं. का?”

“पाणी कुठलं?”

“उकळून देते की!” ती म्हणाली आणि हसली. मोठ्यांदा नाही, पण हसली. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं. मी काहीतरी भराभरा बोलायला लागले, खत, मीठ, मरायला ते जिवंत कुठंय, माझी मुलगी, सात आठवडे, पडदा, तिला उजेडात घ्या, आत्ता, दारात घ्या, ओठ बघा, आणि ती “अहो, अहो बाई, थांबा,” म्हणत होती, आणि मी थांबत नव्हते. शेवटी ती ओरडली, “अहो, नळाचं उकळते! नळाचं! विहिरीला तर टाळं आहे!”

मी खाली बसले. जिथे होते तिथेच, मोरीजवळ, ओल्या फरशीवर.

“टाळं?” मी म्हणाले.

“लोखंडी झाकण आहे, वर टाळं. किल्ली बाटलीकाकांकडे. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांनी आधी झाकण बसवलं, मग आम्हाला आत येऊ दिलं. माझा नवरा टाकीवर असतो, व्हॉल्व्ह सोडायचं काम. सगळ्या वस्त्यांना पाणी सोडणार हा, आणि आमच्याच घरी नळ नाही! मी म्हटलं, हलवायाच्या घरी उपास. मग काका रोज सायकलवरून कॅन टाकायचे. पोट पुढे आल्यावर त्यांनी मला सही करायला लावली, फॉर्म त्यांच्याकडे होता एक कोरा, जुना, आणि तो घेऊन वरच्या कार्यालयात जाऊन बसले. रोज जायचे. डबा घेऊन. तिसऱ्या आठवड्यात तिथले लोक कंटाळले. हिच्या जन्माआधी दहा दिवस नळ आला.” ती हे सगळं एका दमात बोलली, शेजारी फार नसणार तिला, ते मला आठवत होतं. मग म्हणाली, “आमच्या चौकटीवर नंबर आहे, तोही त्यांनीच काढला. बाकी सगळ्यांचे लाल, आमचा निळा. त्यांच्याकडे तोच रंग होता म्हणे. तीनशे तेरा.”

मी रडत होते आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोन लांब धरला होता. हे रडणं वेगळं होतं. दाढ उपटल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या जागेवर जाते आणि दुखत नाही, म्हणून पुन्हा जाते, तसं. ठकी उठून आली, खडूच्या हातानं माझा गाल पुसला आणि आता माझ्या गालावर समुद्र होता. फोनमध्ये त्या घरात कुठेतरी नळ उघडल्याचा आवाज आला, धार भांड्यावर पडली, बारीकची जाड झाली. “ऐका,” ती मुलगी म्हणाली, “तुम्हाला ऐकवते. पटलं का?” आणि मग, जरा बिचकत, “पण मी आत्ता हिला दारात नेऊन बघितलं हो. तुम्ही बोलत होता तेव्हाच. गुलाबी आहे.”

तिनंच मला काकांचा नंबर दिला. ते आता निवृत्त आहेत, तरी दर मंगळवारी नळाच्या पाण्याची बाटली भरून नेतात, कुणी सांगितलेलं नसताना. फोन त्यांनी दुसऱ्याच रिंगला उचलला. मी कोण ते सांगितलं. “लेक कशी आहे?” त्यांनी आधी तेच विचारलं. मी म्हणाले, बरी आहे, खोडकर आहे, आज ब्रश चोखला. ते हसले. मग मी जे चार वर्षं म्हणायचं होतं ते म्हणायला लागले. दवाखान्यात मी जागी होते. मला ऐकू आलं होतं. “माहीत आहे,” काका म्हणाले. “झोपलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या घट्ट नसतात, पोरी.” मी आभार मानायला लागले तर ते जरा वैतागलेच. “मला काय सांगतेस? मला माहीत असलेलंच मला सांगतेस. जिला माहीत नाही तिला सांग. आणि एकदा सांगून गप्प बसू नकोस. मी बसलो होतो.” मागे कुणीतरी त्यांना चहा निवतोय म्हणून हाक मारत होतं. त्यांनी फोन ठेवला.

मला एकच घर माहीत होतं आणि त्या घराला नंबर मिळाला. परवा रात्री मी बऱ्याच वर्षांनी सलग झोपले. ठकीचा ओठ तपासायला एकदाही उठले नाही. सकाळी उठून पाहिला, तो जांभई देत होता. पण नकाशे माझ्यासारखीच माणसं काढतात, आणि याद्याही. कुठेतरी दुसऱ्या कुणीतरी कुठलं तरी घर घर म्हणून धरलेलं नाही. ते तुमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर असेल. विहीर मागे, पाळणा पुढे, आणि आत एक शिकलेली, दमलेली बाई, पातेल्याशेजारी घड्याळ लावून उभी. तुम्ही जा तिच्याकडे. काहीतरी निमित्त काढा, वाटी परत करायला आलो म्हणा. पाणी कुठलं ते विचारा. ती म्हणेल उकळलेलं, आणि हसेल. हसू द्या. बाळाला तिच्या हातून घ्या, पडदा बाजूला करा, आणि ओठ उन्हात बघा. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.